घरात वर्ष असताना वटसावित्रीचे तीन दिवस

2025 च्या मे महिन्याच्या शेवटी मी चार जणींना फोन करून एकच प्रश्न विचारत होते. घरात वर्ष असताना, म्हणजे घरातलं माणूस जाऊन वर्ष सरलेलं नसताना, वटसावित्री करायची की नाही? चौघींची चार उत्तरं आली. एक म्हणाली, वरीस सरेपर्यंत सण नाही. दुसरी म्हणाली, सवाष्णीचं व्रत थांबवायचं नसतं. तिसरीने घरच्या घरी फांदी पुजायला सांगितलं. चौथी म्हणाली, तुझ्या सासूबाईंना विचार. आणि नेमकं तेच मला करता येत नव्हतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. पुढच्या ज्येष्ठात कुणी अशीच फोन करत बसली असेल तर तिच्या उपयोगी पडेल.

माझं माहेर सिन्नरचं, सासर अमळनेरचं. लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी वटपौर्णिमा केली ती बऱ्याच जणी करतात तशीच. एक दिवस उपवास, वडाला सात फेरे, ओटी, वाण, घरी येऊन भगर. खरं व्रत आई करायच्या, माझ्या सासूबाई. त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत, तीन दिवसांचं, सलग छेचाळीस वर्षं. यंदा जानेवारीत नाना गेले, माझे सासरे. तेव्हापासून आईंनी देवघरातल्या हळदी-कुंकवाच्या करंड्यालाही हात लावलेला नाही. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. त्या आपणच बाजूला झाल्या.

नानांविषयी थोडं सांगायला हवं. साखरेमुळे शेवटची पाच-सहा वर्षं त्यांना फार अंधुक दिसायचं. तरी वटपौर्णिमेला ते आईंच्या मागे वडापर्यंत यायचे, पाण्याची बाटली घेऊन पारावर बसायचे. गुरुजींची कहाणी संपली की दरवर्षी आम्हा सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं अहिराणीत म्हणायचे, "तिनी पहिले सासराना डोया मांग्यात, नवरा नंतर." आणि ते खरंच आहे. महाभारतातल्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात. तिथे यमाकडे सावित्रीने मागितलेला पहिला वर म्हणजे आंधळ्या द्युमत्सेनाची, तिच्या सासऱ्याची दृष्टी. दुसरा, त्याचं गेलेलं राज्य. मग बापाला पुत्र, मग स्वतःला पुत्र, आणि त्यानंतर सत्यवानाचे प्राण. तिने तीन रात्रींचं व्रत धरलं तेव्हा 'हे फार कठीण आहे' अशी काळजी करणाराही तिचा सासराच. नानांना हे सगळं पाठ होतं. ते गेल्यावर पहिल्या ज्येष्ठात घरातलं त्रिरात्र बंद पडावं, हे मला सहन होत नव्हतं. ह्यांचं म्हणणं होतं, "या वर्षी राहू दे, आईला बघवणार नाही." ती काळजी मलाही होतीच.

31 मेला, शनिवारी, आमच्या नेहमीच्या गुरुजींकडे गेले. मी प्रश्न लिहूनच नेले होते. तुम्हीही लिहूनच न्या, कारण समोर बसलं की निम्मं विसरायला होतं. त्यांनी सांगितलं ते असं: सुतक दहा दिवसांचं, ते केव्हाच फिटलं. वर्षभर आपण सण करत नाही, गोडधोड करत नाही, ते दुःखामुळे आणि रीत म्हणून. चालू व्रत मोडायला ते कारण होत नाही. तुम्ही वडाची पूजा दरवर्षी करताच, तेव्हा हा नवा आरंभही नाही. फक्त उद्यापन या वर्षी करू नका आणि घरात पुरण घालू नका. वाण देऊ का, असं विचारल्यावर ते थोडं थांबले. मग म्हणाले, "द्या, पण कुणी घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका." हे त्यांनी आधीच सांगितलं ते फार बरं झालं.

मग तिथीचा घोळ. यंदा पौर्णिमा 10 जूनला, मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास लागत होती आणि 11 तारखेला दुपारी सव्वाच्या आसपास संपत होती. सूर्योदयाची पौर्णिमा 11 ची, म्हणून कॉलनीत निम्म्या जणी बुधवार धरून बसल्या होत्या. या व्रताला चतुर्दशीला जोडून आलेली पौर्णिमा घेतात, म्हणून दिवस मंगळवारच, आणि पूजा सकाळी लवकर केली तरी चालते, असं गुरुजींनी सांगितलं. समोरच्या मारवाडी काकूंची बडमावस तर 26 मेलाच होऊन गेली होती. त्यांच्याकडे हेच व्रत आपल्या वैशाखाच्या शेवटी अमावास्येला असतं. तेव्हा उत्तरेकडच्या कुणाचे फोटो पाहून 'आपलं राहिलं की काय' म्हणून घाबरू नका.

तीन दिवस पूर्ण उपाशी राहायची माझी तयारी नव्हती आणि तसं करायची गरजही नव्हती. जिला तीन दिवस निराहार झेपत नाही तिच्यासाठी शास्त्रातच सोय आहे: त्रयोदशीला नक्त, चतुर्दशीला अयाचित, पौर्णिमेला उपवास. नक्त म्हणजे दिवसभर काही न खाता रात्री एकदाच जेवण. अयाचित म्हणजे न मागता जे समोर येईल तेवढंच खायचं. आई गेली कित्येक वर्षं असंच करत होत्या आणि एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या तिन्ही दिवस भगरीवर असतात.

मला थायरॉईडची गोळी चालू आहे आणि रक्तदाब कमीच असतो, म्हणून 3 जूनला डॉक्टरांना विचारून आले. तपासणीचे 300 रुपये. गोळी सकाळी नेहमीसारखी घ्यायची, पाणी अजिबात बंद करायचं नाही, भोवळ किंवा धडधड वाटली तर उपवास तिथल्या तिथे सोडायचा, असं त्यांनी बजावलं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये. नानांची साखर एका एकादशीला इतकी उतरली होती की त्यांना रिक्षात घालून न्यावं लागलं. तो दिवस आठवला की आजही हात गार पडतात.

रजेचं लगेच सांगते. मी एका पतसंस्थेत कामाला आहे. वटपौर्णिमेची सुट्टी नसते. अर्जात 'घरगुती कार्य' लिही असं सगळ्या म्हणत होत्या. मी 'वटसावित्री व्रत' असं स्वच्छ लिहिलं आणि सोमवार-मंगळवार दोन दिवस मागितले. अर्ज तीन दिवस टेबलावर पडून राहिला. शुक्रवारी कळलं की मंगळवार पूर्ण मिळाला, सोमवारी मात्र अर्धा दिवस यावं लागेल. अर्ज निदान आठ दिवस आधी द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

शनिवारी, 7 जूनला बाजार केला. यंदा मे महिन्यात अवकाळी पावसाने झोडपलं आणि जून लागताच पाऊस गायब होऊन घामाच्या धारा सुरू झाल्या होत्या. सुताच्या दोन गुंड्या 30 रुपये, हिरव्या बांगड्यांचा डझन 60, खण 80, फणी-करंडा आणि काळी पोत मिळून 70, गावरान आंबे दोन किलो 200, अर्धा किलो भगर 70, शेंगदाणे, राजगिरा. केळी आमच्याकडे विकत घ्यावी लागतच नाहीत, ह्यांच्या यावलच्या मित्राने फणी पाठवली. सूत घेताना एक बघा. दुकानात चकाकणारा पांढरा दोरा सूत म्हणून देतात, तो बहुतेक वेळा नायलॉन नाहीतर पॉलिस्टर असतो. टोक काडीला लावून पाहा. सूत जळून राख होतं, तो दोरा वितळून त्याचा गोळा होतो. वितळणारा दोरा झाडावर वर्षानुवर्षं तसाच राहतो, सालीत रुततो, पाखरांचे पाय त्यात अडकतात. बाजारात वडाच्या फांद्याही वीस-वीस रुपयांना विकायला होत्या. त्या मी घेतल्या नाहीत. वडाच्या आयुष्यासारखं आयुष्य मागायचं आणि त्यालाच तोडायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. शहरी हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडायला 1975 पासून कायद्याने मनाई आहे, ही गोष्ट वेगळीच.

आता मुख्य गोष्ट. आईंना सांगायचं कसं? शनिवारी रात्री भांडी आवरताना मी म्हटलं, "आई, या वर्षी तीन दिवसांचं मी धरू का? मला सगळं सांगाल ना?" त्या बराच वेळ ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माले नको इचारू माय. मना हात आते तुना पूजाले चालत नही." मी त्यांना हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद केल्या, आणि मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यासना गावमा चालत व्हई." मी आणखी काही बोलले नाही. जानेवारीत ज्या बाईचं कपाळ मोकळं झालं तिच्याशी वाद घालायची ती रात्र नव्हती.

रविवारी, 8 जूनला सकाळी त्रयोदशी लागली. साडेआठला गुरुजी घरी येऊन संकल्प सांगून गेले. अर्ध्या तासाचं काम, दक्षिणा 251. टोपलीत वाळू, त्यावर सुपाऱ्या मांडून सावित्री, सत्यवान, ब्रह्मदेव. संकल्पात 'अवैधव्य' हा शब्द येतो. दरवर्षी वडाखाली बायकांच्या गलबल्यात तो ऐकूच येत नाही. त्या दिवशी घरात शांतता होती, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड आई भगर निवडत बसल्या होत्या. तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला तेव्हा ताटात फिरणारी त्यांची बोटं थांबलेली मला ऐकू आली. माझा आवाज चिरकला. गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं. जिच्या घरी असं असेल तिने संकल्प देवळात किंवा गुरुजींच्या घरी जाऊन केला तर बरं. मला हे आधी सुचायला हवं होतं.

नक्ताचा दिवस वाटला त्यापेक्षा सोपा गेला. पाणी, दुपारी लिंबू-सैंधव. चारनंतर डोकं जड झालं तेव्हा ओला पंचा मानेवर ठेवून पडून राहिले. सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळला, चांदणी दिसल्यावर भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. भुकेपोटी भराभर खाऊ नका, रात्री पोटात कळ येते.

सोमवार अयाचिताचा. मला भीती या दिवसाचीच होती. मागायचं नाही, सुचवायचं नाही, स्वतः रांधून घ्यायचं नाही. मी सकाळी गोळी आणि पाणी घेऊन कामावर गेले. तिथे कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते मागितल्यासारखंच झालं असतं. अकराला चहा आला, तो एका सहकाऱ्याने न विचारता पुढ्यात ठेवला म्हणून घेतला. दोनला घरी आले. हे बाहेरगावी, मुलगी शाळेच्या सुट्टीत आजोळी. घरात आई आणि मी. स्वयंपाकघरात जायचं नव्हतं म्हणून पुढच्या खोलीत पोथी घेऊन बसले. अडीच वाजले. आई माजघरात पडलेल्या. मला वाटलं, आज चहावरच दिवस जाणार. चिडचिड झाली, आणि चिडचिड झाली म्हणून रडूही आलं. नाना असते तर दोन केळी आणून ठेवून 'मांगेल नही ना' असं म्हणाले असते, हे डोक्यातून जाईना.

तीनच्या सुमारास माझ्यासमोर ताट आलं. भगर, दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, अर्धा आंबा चिरून. आईंनी ते जमिनीवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खाई ले. तीन वाजी ग्यात." त्यांच्या हाताने चालत नाही, हे दोन दिवसांपूर्वीचं त्यांचंच बोलणं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या कदाचित ताट उचलून घेऊन गेल्या असत्या. मी खाल्लं. आमटीत त्यांनी नेहमीसारखीच जिऱ्याची फोडणी थोडी जास्त करपवली होती, नानांना तशी आवडायची.

रात्री आवरताना भगरीचं पातेलं उघडलं तेव्हा लक्षात आलं. पोळ्यांचा डबा सकाळी होता तसाच भरलेला. रविवारचाही. मी आईंच्या खोलीत गेले. "तुम्ही दोन दिवस काय खाल्लंत?" त्या कूस न वळवता म्हणाल्या, "सवय शे माय. छेचाळीस वरीसनी." काल रात्री भगर, आज माझं ताट वाढल्यावर उरलेलं. कुणी त्यांना वाढलं नव्हतं, तेव्हा ते अयाचितही नव्हतं, आणि संकल्प तर नव्हताच. मी त्यांचे पाय चेपत बसले. त्यांनी चेपू दिले.

मंगळवारी पाचला उठले. साडेसातपर्यंत वडाशी पोचलात तर ऊनही लागत नाही आणि गर्दीही नसते. आमचा वड बोरी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, पाराला सिमेंट केलेलं. आईंना 'चला' म्हटलं, त्या नाही म्हणाल्या, पण पाण्याची बाटली भरून हातात दिली. ती नानांची होती, स्टीलची.

पूजा गुरुजींनी सामूहिक सांगितली, माणशी 51 रुपये. मुळाशी पाणी, हळद-कुंकू, फुलं, आंबा, मग सूत गुंडाळत सात फेरे. निरांजन आणि कापूर खोडाजवळ लावू नका. पाच-सहा जणींनी सूत गुंडाळलं की खालचा भाग कापसाच्या पेळूसारखा, चटकन पेट घेईल असा होतो आणि नऊवारीचा घोळ कुठे आहे हे फिरताना दिसत नाही. आम्ही पाराच्या पायरीखाली एका ताटात सगळ्यांची निरांजनं एकत्र ठेवली. वाण द्यायच्या वेळी एका ओळखीच्या बाईने हात मागे घेतला. "तुमच्याकडे वर्ष आहे ना," एवढंच बोलली. मला लागलं. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं तरी लागलं. बाकी चौघींनी घेतलं, आणि तिचं पाचवं वाण मी वडाच्या मुळाशी ठेवलं. कहाणी संपल्यावर नानांचं ते वाक्य कुणीतरी म्हणेल असं उगीच वाटत राहिलं. कुणी म्हटलं नाही. शेवटी मीच म्हटलं, माझ्या सिन्नरच्या उच्चारात. मागच्या दोघी म्हाताऱ्या बायका वळून हसल्या, त्यांना ओळख पटली.

त्या दिवशीचा उपवास फक्त पाण्यावर काढायचा असं ठरवलं होतं. दुपारी दोनला उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांचं आठवून लगेच बसले, नारळपाणी घेतलं आणि संध्याकाळी एक केळं. तेवढ्याने व्रत मोडत नाही असं गुरुजी फोनवर म्हणाले. रात्री जागरण नाही केलं, दहाला झोपले.

बुधवारी पारणं. सूर्योदयानंतर कधीही सोडा असं गुरुजींचं मत. आईंची रीत मात्र तिथी संपल्यावर सोडायची. मी कामावर गेले आणि दुपारच्या सुट्टीत, दीडला घरी आले. अमळनेर लहान आहे ते अशा वेळी कामी येतं. पुरण घालायचं नव्हतं, म्हणून आईंनी मुगाची खिचडी आणि कढी केली होती. दोन पाट समोरासमोर मांडलेले. पहिला घास दोघींनी बरोबरच घेतला. सगळा खर्च मिळून सोळाशेच्या आत बसला, असं मी सांगत होते आणि त्या आंबे महाग पडले असं म्हणत होत्या.

जेवण झाल्यावर मी टोपलीतली वाळू तुळशीत टाकली, सुपाऱ्या धुऊन पुसल्या. सुताची एक गुंडी जवळपास अख्खी उरली होती. ती कुणाला द्यावी म्हणून हातात घेऊन उभी होते. आईंनी त्यांचा पितळी डबा पुढे केला. त्यात मागच्या कितीतरी वर्षांची उरलेली टोकं होती, पिवळी पडलेली.

"ठेवी दे," त्या म्हणाल्या. "पुढला वरीसले लागी."